गिरडची टेकडी आणि तिचे गोटे

आमचा एक भाचा नोकरीच्या निमित्तानं आयर्लंडात असतो. गेल्या हिवाळ्यात त्यानं काही फोटो पाठवले. क्लेअर नावाच्या काउंटीत ‘बरेन’ म्हणून चुनखडीचं पठार आहे आणि त्याच्यावर स्लीव्ह एल्वा नावाचा डोंगर. डोंगर म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. उंची ३४४ मीटर. खाली सगळी उघडी चुनखडी, पावसानं विरघळून भेगाळलेली, आणि माथ्यावर मात्र शेवाळ आणि गवत कुजून झालेली काळी दलदल. फोटोत भाचा घोट्यापर्यंत त्या चिखलात रुतलेला आणि चेहऱ्यावर हिमालय सर केल्याचा आनंद! खाली लिहिलं होतं, ‘मामा, आपल्या वर्ध्यात असं काही आहे का?’

आता तिकडच्या लोकांना टेकड्यांच्या याद्या करायचा भारी नाद. स्कॉटलंडात ह्यू मनरो नावाच्या गृहस्थानं १८९१ साली तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. तेव्हापासून लोक ती यादी हातात घेऊन एकेका शिखरावर जाऊन खूण करतात. सगळी मिळून २८२ शिखरं आहेत म्हणे. कोणी ती चाळीस वर्षांत पुरी करतो, कोणी एका उन्हाळ्यात. मग ज्यांना तीन हजार फूट पुरले नाहीत त्यांनी दोन हजारांची यादी केली, मग त्याहून खालची. यादीत नाव आलं की टेकडीचे दिवस पालटतात.

आपल्या वर्धा जिल्ह्याचं काय? उत्तरेकडे, आर्वी-कारंज्याच्या बाजूला, सातपुड्याचे फाटे उतरतात. जुन्या गॅझेटिअरात तिथल्या जैतगडाची उंची २,०८६ फूट दिली आहे. कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) पुढे हे लेकरू. आणि दक्षिणेकडे, हिंगणघाट-समुद्रपूरकडे तर सगळं काळं रान. कापूस, तूर, सोयाबीन, मधूनच एखादी बरड. त्या सपाटीत गिरडची टेकडी आहे. समुद्रपूर तालुक्यात, जिल्ह्याच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात. कुठल्याही यादीत ती येणार नाही. पण भाच्याला मी उत्तर लिहायला बसलो ते हिच्याबद्दल, आणि पत्राचा लेख झाला.

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदचा दर्गा आहे. आमच्याकडे ‘गिरडचा बाबा’ एवढं म्हटलं की पुरतं. माझी आजी बैलबंडीनं तिथे नवस फेडायला जात असे. भाकरीचं गाठोडं, पाण्याची घागर आणि बंडीत चार-सहा पोरं. ती एकादशी धरणारी, पंढरीची ओढ असलेली बाई. आपण दर्ग्याला जातो आहोत म्हणजे काही वेगळं करतो आहोत, हे तिच्या गावीही नव्हतं. इंग्रजांच्या गॅझेटिअरांतसुद्धा हिंदू आणि मुसलमान दोघंही या टेकडीवर जातात असंच लिहून ठेवलंय.

टेकडीवर चढताना पायाखाली गोटे लागतात. गोल, लांबट, सुपारीएवढे, काही त्याहून मोठे. सालीसकट सुकलेल्या फळासारखे दिसतात. त्या गोट्यांची गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि गॅझेटिअरातही आहे. ती अशी. दोन फिरते व्यापारी नारळ आणि इतर माल घेऊन इकडून चालले होते. टेकडीवर बसलेला फकीर पाहून त्यांनी त्याची चेष्टा केली. बाबानं त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापारी पाया पडले, रडले. बाबाला दया आली. त्यानं वाळक्या पाल्यापासून तेवढाच नवा माल करून दिला. हे पाहून दोघंही असे वाकले की व्यापार सोडून मरेपर्यंत बाबाच्या सेवेत राहिले.

ही गोष्ट फार विचारानं रचलेली आहे. बाबानं दगडांचेच पुन्हा नारळ केले असते तर टेकडीवर दगड उरले नसते. म्हणून नवा माल पाल्यातून आला आणि दगड दगडच राहिले. म्हणजे ज्यानं कोणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याच्यासमोर पुरावा पडलेला होता, आणि पुराव्याला धक्का न लावता त्यानं गोष्ट बसवली. इतिहास लिहिणाऱ्या कितीतरी पंडितांना हे जमत नाही!

नोकरीत असताना, ऐंशीच्या दशकात, मी आठवीच्या मुलांची सहल गिरडला नेली होती. मुलांनी खिसे भरभरून गोटे जमवले. आदल्याच आठवड्यात वर्गात बेसाल्ट खडक शिकवून झाला होता. एका मुलानं गोटा पुढे करून विचारलं, “सर, मग बाबानं हे केले की नाही?” मी काही बोलायच्या आत एक मुलगी म्हणाली, “सर, आमची दादी नारळाची नाही, साखरेची गोष्ट सांगते.” तिच्या दादीच्या गोष्टीत व्यापाऱ्याकडे साखर होती. बाबानं विचारलं, गोण्यांत काय आहे? व्यापाऱ्याला वाटलं, फकीर मागेल. तो म्हणाला, मीठ आहे. बाबा म्हणाला, बरं, मीठ तर मीठ. पुढे जाऊन गोण्या सोडल्या तर सगळं मीठ! मुलं हसली आणि त्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला.

त्या मुलीच्या दादीची गोष्ट मला पुढे छापील पुस्तकात भेटली. ती पंजाबातल्या बाबा फरीदची. फरीदुद्दीन गंजशकर, म्हणजे साखरेचा खजिना. हा तेराव्या शतकातला चिश्ती परंपरेचा मोठा सूफी. त्याचा दर्गा आजच्या पाकिस्तानात पाकपट्टण इथे आहे, आणि तिथल्या मंडळींत ही साखरेची आणि मिठाची गोष्ट फार जुनी आहे. याच फरीदची चार पदं आणि ११२ श्लोक म्हणून जे मोजले जातात ते शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपल्या नामदेवाची ६१ पदं आहेत त्याच ग्रंथात. म्हणजे पंढरपूरचा शिंपी आणि पाकपट्टणचा फकीर एकाच पोथीत शेजारी आहेत.

मग गिरडचा फरीद कोण? गॅझेटिअरात त्याचं नाव ख्वाजा शेख फरीद असं आहे. उत्तर हिंदुस्थानातला माणूस, तीस वर्षं फकिरीत भटकला आणि १२४४ च्या सुमारास गिरडच्या टेकडीवर येऊन राहिला, अशी हकीकत आहे. पाकपट्टणच्या फरीदला तिथेच, १२६५ च्या आसपास मृत्यू आला आणि तिथेच त्याची कबर आहे, यात वाद नाही. सूफींमध्ये चिल्ला नावाची चाल आहे. चाळीस दिवस एकांतात बसून केलेली साधना ती. थोर अवलिया जिथे असा बसला असं लोक मानतात, तिथे त्याचं स्थान होतं, कबर नसली तरी. देशात फरीदची अशी स्थानं ठिकठिकाणी आहेत आणि गिरडही त्याच माळेतलं धरतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर, खुद्द गंजशकर एवढ्या लांब आला असेल हे मला पटत नाही. त्याच्या नावाचा, त्याच्या परंपरेचा कोणी फकीर आला असेल आणि नावाबरोबर गोष्टही आली असेल, हे जास्त जुळतं. फक्त गोष्ट इकडे येईपर्यंत साखर-मिठाचे नारळ-दगड झाले. होणारच. पंजाबात मिठाचा आख्खा डोंगर आहे, तिथे गोष्टीत मीठ आलं. गिरडला पायाखाली नारळासारखे गोटे होते, तिथे नारळ आले. ही टेकडी नसती तर ही गोष्ट अशी झाली नसती.

आता तो १२४४ चा सुमार. इतिहासाच्या मास्तराला या आकड्यापाशी जरा थांबावंसं वाटतं. त्या वेळी देवगिरीला सिंघण यादवाच्या कारकिर्दीची अखेरची वर्षं चालू होती. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तो १२९६ ला. म्हणजे परंपरेनं दिलेला काळ खरा धरला तर फकीर आधी आला, फौज पन्नास वर्षांनी. आणि त्याच शतकात आपले चक्रधरस्वामी याच वऱ्हाड-विदर्भातून पायी हिंडत होते, झाडाखाली, मठात, पडक्या देवळात मुक्काम करत होते. लीळाचरित्र वाचताना त्या काळच्या वाटा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्या वाटांवर एखादा परमुलखातला फकीर चालताना दिसला असता तर लोकांना फार नवल वाटलं नसतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात क्रम उलटा येतो. आधी स्वाऱ्या, मग संत. गिरडच्या लोकांनी सांगितलेला क्रम मला महत्त्वाचा वाटतो, मग साल दहा-वीस वर्षं इकडेतिकडे का असेना.

गोट्यांकडे परत येतो. त्या मुलाचा प्रश्न राहिलाच होता.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारस वाहिला. एकदा नाही, थरावर थर. त्यालाच आपण दख्खनचा काळा पाषाण म्हणतो. सह्याद्रीत त्याची जाडी हजारो फूट आहे, पण पूर्वेकडे तो पातळ होत जातो आणि आमच्या जिल्ह्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर संपतो. लाव्हारस थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे तसेच अडकतात, भाकरी फुगावी तशा पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांत खनिजं साचतात. वरचा काळा दगड कुजून मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते, आणि आत साचलेला कठीण गोळा तेवढा मागे उरतो. तो हा गोटा. गॅझेटिअरनं या गोट्यांना झिओलाइट जातीचे म्हटलं आहे. झिओलाइट या शब्दाचा अर्थच ‘उकळणारा दगड’. क्रोनस्टेड नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५६ साली हे नाव ठेवलं, कारण तापवला की या दगडातलं पाणी वाफ होऊन फेस आल्यासारखं दिसतं. महाराष्ट्राचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालय आहे, तिथे ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, नातवंडांना न्याच.

या दगडांच्या मागे लागलेला एक माणूस इथे आठवतो. स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं, तो स्कॉटिश मिशनरी. १८४५ ला नागपूरला आला. शाळा चालवता चालवता नागपूर, वर्धा, चांद्याच्या रानातून दगड आणि जीवाश्म गोळा करत फिरला. रॉबर्ट हंटर या सोबत्याबरोबर त्यानं नागपूरच्या परिसरातल्या भूगर्भावर जो निबंध लिहिला, तो १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात इथे तळी होती आणि त्या तळ्यांतल्या गोगलगाईंचे शिंपले दगडात सापडतात, हे त्यानं दाखवलं. ४ सप्टेंबर १८६३ ला तो टाकळघाटची दगडांची वर्तुळं पाहून परतत होता. बोरीजवळ ओढ्याला पूर आलेला. घोडा परत आला, हिस्लॉप आला नाही. आमच्याकडच्या नाल्यांचा पूर ज्यानं पाहिला आहे त्याला जास्त सांगायला नको. वर ढग नसतो आणि पाणी छातीला लागतं.

हिस्लॉपनं जिथे हाडं शोधली त्यात चंद्रपूर जिल्ह्यातलं, वरोरा तालुक्यातलं पिसदुरा हे गाव होतं. गिरडच्या दक्षिणेला. इथे लाव्ह्याच्या खालची जुनी माती आणि चुनखडी उघडी पडते. (म्हणजे चुनखडी फक्त भाच्याच्या आयर्लंडातच आहे असं नाही!) पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं आणि त्यांचं दगड झालेलं शेण सापडतं. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण दाखवले. त्यातले काही तर भाताच्या कुळाजवळचे. तोवर जगभर असं धरून चालत होते की डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच. चित्रकारांनी डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढलं की शास्त्रज्ञ हसायचे. आमच्या गुरं चारायच्या रानातल्या शेणानं ते बदललं.

आणि एक माणूस गिरडपासून तासाभराच्या वाटेवर, हिंगणघाटला, मातीखाली झोपला आहे. विल्यम लॅम्बटन. हिंगणघाटच्या किती लोकांना हे नाव माहीत असेल, कोण जाणे. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची एक रेघ साखळीनं मोजून त्यानं देशाची मोजणी सुरू केली. युक्ती आठवीच्या भूमितीतली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू काढता येतात. मग ती नवी बाजू घेऊन पुढचा त्रिकोण. असे त्रिकोण जोडत जोडत कन्याकुमारीकडून उत्तरेला निघायचं. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते आदळलं, तर या गृहस्थानं तंबूत बसून सहा आठवडे ते स्वतः दुरुस्त केलं. सत्तरीच्या घरात पोचलेला, छातीच्या दुखण्यानं पोखरलेला लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला त्यानं प्राण सोडला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. १८४१ ला ती साखळी डेहराडूनपर्यंत पोचली. त्याच मोजणीच्या पायावर राधानाथ सिकदरांनी आकडेमोड केली आणि १८५६ साली जगातलं सर्वांत उंच शिखर २९,००२ फुटांचं म्हणून जाहीर झालं. त्या शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाट.

मला लॅम्बटनच्या कामातली एक गोष्ट आवडते. त्याला उंच डोंगर नको होते, नजरेच्या टप्प्यातले हवे होते. चहूकडे दिसणारी आणि जिथून चहूकडे दिसतं अशी जागा. सपाट मुलखात लहानशी टेकडीही त्याला सोन्याची होती. टेकडी नसली तर मनोरा बांधावा लागे. गिरडच्या माथ्यावर सकाळच्या वेळी उभं राहिलं की हे कळतं. उंची काहीच नाही, पण आडवं काही नसल्यामुळे नजर थेट जाते. फकिरानं ही जागा का निवडली असेल, हेही तिथेच कळतं.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल, मास्तर एका टेकडीचं एवढं कौतुक का करतोय. त्याचं कारण दुसऱ्या एका टेकडीत आहे.

माझ्या गावाच्या शिवेवर एक टेकडी होती. दर्गा नाही, देऊळ नाही, मारुतीचा शेंदूरसुद्धा नाही. माथ्यावर एक पळस आणि उतारावर सीताफळी. पावसाळ्यात गुरं तिथेच चरायची. दसऱ्याला आम्ही आपट्याची पानं तिथूनच आणत असू. सर्वेक्षण खात्याच्या नकाशात, म्हणजे टोपोशीटवर, तिला नाव नाही. ज्या उंचवट्याला नाव नसतं, तिथे नकाशात एक ठिपका आणि शेजारी उंचीचा आकडा असतो. तसा तिलाही आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत ती निम्म्यावर आली आहे. रस्ता करायचा तर भराव लागतो, भरावाला मुरूम लागतो आणि मुरूम टेकडीत असतो. एका कंत्राटदाराचं पोकलेन आलं. आधी पायथा गेला, मग उतार, मग पळस. परवाना किती ब्रासचा होता आणि काढला किती, हे विचारायला मी आणि दोन शेतकरी गेलो होतो. त्यांनी आम्हाला चहा पाजला. रस्ता मला नको आहे असं नाही. डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, त्यावरून मीही लेकीकडे जाऊन आलो, आणि गाडीत छान झोप लागली. पण नकाशातला तो आकडा आता जिथे दाखवतो तिथे हवा आहे. त्या उंचीवर फक्त घारी असतात.

गिरडच्या टेकडीचा दगडही मुरमाचाच आहे. तीही तेवढीच मऊ. तिला कोणी हात लावायला जात नाही याचं कारण झिओलाइट नाही आणि हिस्लॉपही नाही. दोन व्यापाऱ्यांनी चेष्टा केली आणि त्यांचा माल दगड झाला, ही गोष्ट पंचक्रोशीतल्या पोराटोरांना माहीत आहे, म्हणून. आमच्या टेकडीबद्दल कोणी कधी काही सांगितलंच नाही. आम्हाला ती एवढी रोजची होती की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नाही. पवनारची टेकडी पाहा. तीही तशीच नदीकाठची. १९३८ ला विनोबा तिथे राहायला आले, शेत खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, मग वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच असं मांडलं, १९६७ ला नागपूर विद्यापीठानं उत्खनन केलं. आता धाम नदीच्या त्या काठावर पोकलेन लावायची कोणाची छाती होणार नाही.

म्हणून अलीकडे मी एक उद्योग सुरू केला आहे. आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या शिवारातल्या टेकड्यांची नावं विचारतो आणि वहीत लिहून घेतो. नकाशात नाही, सातबाऱ्यावर नाही, पण बोलण्यात असलेली नावं. कुठे ‘लांडगी’, कुठे ‘गाईची बरडी’, कुठे नुसतं ‘टोंगर’. नावामागची हकीकत सांगता आली तर तीही. आतापर्यंत एकोणीस झाली आहेत. त्यातल्या चार टेकड्या दाखवायला नेलेल्या म्हाताऱ्याला जागेवर सापडल्या नाहीत. वाचकांपैकी कोणाचं मूळ गाव देवळी, सेलू, आष्टी, कारंजा याकडचं असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारून मला जरूर कळवा. नाव, गाव आणि काही गोष्ट असेल तर तीही.

गिरडला जायचं असल्यास नागपूर-हिंगणघाट महामार्गावर जामला उतरावं. तिथून समुद्रपूर आणि पुढे गिरड, तोच रस्ता तसाच उमरेडकडे जातो. ऊन फार असतं, पाणी जवळ ठेवा. गोटे बघा, हातात घ्या, आणि तिथेच ठेवा.